पेजमेकरची कुलूपबंद फाइल: कालची मराठी आज का उघडत नाही?

आजचा भाग निम्मा इतिहासाचा आणि निम्मा काँप्युटरचा आहे. इयरफोन लावून ऐकलं नसेल तर हरकत नाही, नेहमीप्रमाणे सगळं इथे लिहून दिलंय. फक्त एक विनंती, शेवटपर्यंत या. शेवटी करायचं असं काहीतरी आहे, आणि ते तुमच्याच घरात करायचंय.

समजा, तुम्ही करमाडचे आहात. संभाजीनगरहून जालना रोडने निघालं की चिकलठाणा मागे पडतं, शेंद्र्याची एमआयडीसी जाते आणि मग करमाड लागतं. समजा, घरातल्या कपाटात एक सीडी सापडली. वर मार्कर पेनने लिहिलंय, ‘स्मरणिका १९९९’. गावातल्या कुठल्यातरी कार्यक्रमाची. आजोबांचा लेख आहे त्यात, असं घरचे सांगतात. छापील प्रत कोणाकडेच उरलेली नाही. तुम्ही कोणाकडून तरी सीडी ड्राइव्ह आणता, फाइल फोनवर घेता, टॅप करता. फोन सांगतो, ही फाइल उघडायला ॲप नाही. नावाच्या शेवटी टिंब आहे आणि पुढे पी, सहा, पाच. म्हणजे ‘डॉट पी सिक्स्टी फाइव्ह’. किंवा ‘डॉट पीएमडी’ असेल.

ही फाइल आली कुठून? ती न उघडण्यात एवढं काय बिघडतं? आणि उघडायची कशी? आज याच तीन गोष्टी.

पेजमेकर नावाचं प्रकरण

१९८५ साली अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या आल्डस नावाच्या कंपनीने पेजमेकर हे सॉफ्टवेअर आणलं. आधी ॲपलच्या मॅकिंटॉशवर, आणि १९८७ मध्ये विंडोजवर. कंपनीचं नाव आल्डस मानुशियस या व्हेनिसच्या जुन्या मुद्रकावरून घेतलेलं. कंपनीचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड. काँप्युटरवरच पान लावायचं आणि लेझर प्रिंटरवर काढायचं, या कामाला ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हे नाव त्यांनीच रूढ केलं. आपण ज्याला डीटीपी म्हणतो ते हेच.

१९९४ मध्ये आल्डस ॲडोबीत विलीन झाली. पेजमेकरच्या ६.५ या आवृत्तीची फाइल ‘पी ६५’, आणि २००१ मध्ये आलेल्या ७.० ची ‘पीएमडी’. त्याआधीच, १९९९ मध्ये, ॲडोबीने इनडिझाइन हे नवं सॉफ्टवेअर काढलं होतं. २००४ च्या सुमारास पेजमेकरचं पुढचं काम थांबलं. इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडायच्या. पुढच्या सीसी आवृत्त्यांनी ते दार बंद केलं.

पण हे झालं अमेरिकेतलं कॅलेंडर. आपल्याकडे तालुक्याच्या गावी पेजमेकर त्यानंतरही कितीतरी वर्षं चाललं. लग्नपत्रिका, हँडबिलं, साप्ताहिकं, शाळेचे अहवाल, पतसंस्थेच्या वार्षिक सभेची पुस्तिका, प्रबंध, स्मरणिका. १९९० नंतरची साधारण वीस वर्षं महाराष्ट्रातली छापील मराठी मोठ्या प्रमाणात या एका खिडकीतून बाहेर पडली.

इथपर्यंत वाटेल, की जुनं सॉफ्टवेअर मिळवलं की प्रश्न सुटला. नाही सुटत. खरी गाठ पुढे आहे.

शिसं, टाइपरायटर आणि एक जुगाड

थोडं मागे जाऊ. १८०५ मध्ये विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं, देवनागरी खिळे वापरून. खिळा म्हणजे शिशाच्या मिश्रधातूत ओतलेलं उलटं अक्षर. पुढे १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. देखण्या देवनागरी टाइपासाठी त्याचं नाव आजही घेतलं जातं.

इंग्रजी छापायला सव्वीस लहान, सव्वीस मोठी अक्षरं आणि आकडे, चिन्हं. मराठीला पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं असे शेकडो खिळे लागायचे. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, एकेक तुकडा उचलून शब्द उभा करायचा. खिळ्याला अर्थ नसतो, फक्त आकार असतो. शेवटी कागदावर अक्षर नीट दिसलं की जुळाऱ्याचं काम संपलं.

मग टाइपरायटर आला. त्यात शेकडो आकारांना जागा कुठून असणार? म्हणून अक्षरं फोडली. ‘ध’ साठी वेगळं बटण न ठेवता अर्धा ध् आणि उभी रेघ अशी दोन बटणं दाबायची. तीच उभी रेघ कान्यालाही चालायची. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारे टायपिस्ट आठवत असतील तर घरच्यांना विचारा, ते सांगतील.

आता पेजमेकरकडे परत. ते सॉफ्टवेअर बनलं होतं रोमन अक्षरांसाठी. एका फाँटमध्ये जागा जास्तीत जास्त २५६, त्यातल्याही काही राखीव. मराठी म्हणून काही असतं हे पेजमेकरला माहीतच नव्हतं. मग आपल्या लोकांनी जुगाड केला. फाँटमध्ये जिथे इंग्रजी ‘ए’ चा आकार असतो, तिथे मराठी तुकड्याचा आकार बसवला. टायपिस्टने बटण दाबलं की पेजमेकर समजतं, इंग्रजी अक्षर आलं. पडद्यावर मात्र दिसतो मराठी तुकडा. टाइपरायटरचीच युक्ती, फक्त काँप्युटरवर.

उदाहरण घेऊ. कृतिदेव हा फाँट टायपिंग क्लासला गेलेल्यांना माहीत असेल. त्यात ‘करमाड’ लिहायचं तर फाइलमध्ये साठतं काय? इंग्रजी डी, जे, ई, के आणि कॅपिटल एम. बस. कृतिदेव फाँट असेल तर डोळ्यांना ‘करमाड’ दिसतं. फाँट नसेल तर इंग्रजीतली ती पाच निरर्थक अक्षरं. त्या फाइलमध्ये करमाड कुठेच नाही. फक्त करमाडच्या आकाराचे तुकडे आहेत.

आणखी एक. ‘दिवस’ शब्दात आपण आधी ‘द’ म्हणतो, मग वेलांटी. पण कागदावर ऱ्हस्व वेलांटी ‘द’ च्या आधी दिसते. म्हणून कृतिदेवमध्ये आधी वेलांटी टाइप होते, मग द, मग व, मग स. ‘धर्म’ मध्ये उलटं. रफार उच्चारात ‘म’ च्या आधी, पण दिसतो ‘म’ च्या डोक्यावर, म्हणून टाइप होतो सगळ्यात शेवटी. अर्धा ध्, रेघ, म, रफार असे चार तुकडे.

बरोबर रस्ता तेव्हाही होता

यात वाईट वाटावं अशी गोष्ट म्हणजे, हे वेगळ्या पद्धतीने करता येतं हे आपल्याच लोकांनी तेव्हा सिद्ध करून दाखवलं होतं.

आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भाषांसाठी काँप्युटर बनवायचं काम चालू होतं. त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र आलं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. पुढे हे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. विचार सरळ होता. फाइलमध्ये आकार साठवू नका, अक्षर साठवा. ‘द’ ला एक नंबर, वेलांटीला एक नंबर, उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी आधी दाखवायची की नंतर, हे काँप्युटरने बघावं. या नंबरांच्या यादीचं नाव इस्की, आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक ब्युरोचं अधिकृत मानक झाली.

त्याच १९९१ मध्ये जगभरच्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली आहे. आज तुमच्या फोनमध्ये ‘क’ म्हणजे २३२५ आणि ऱ्हस्व वेलांटी म्हणजे २३६७. फोन कुठल्याही कंपनीचा असो, फाँट कुठलाही असो, नंबर तोच.

मग डीटीपीवाल्यांनी हा रस्ता का नाही धरला? कारण पेजमेकरला अक्षरं जोडता येत नव्हती. विंडोजमध्ये देवनागरीची नीट सोय यायला विंडोज २००० उजाडलं. त्यातला मंगल हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवलेला, हे जाता जाता सांगून ठेवतो. पण छापखान्याला उद्या सकाळी पत्रिका द्यायची असते. नऊ वर्षं कोण थांबणार? जुगाड चालत होता, कागद सुंदर निघत होता. फाइल पुन्हा कधी शोधावी लागेल, हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता.

त्यात प्रत्येकाची मांडणी वेगळी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचेच सुरेख वगैरे फाँट, शिवाजी, किरण, कृतिदेव. एकाच्या फाइलला दुसऱ्याचा फाँट लावला की पानभर कचरा. काही सॉफ्टवेअरना तर डोंगल लागायचं, म्हणजे काँप्युटरला मागून लावायचं छोटं हार्डवेअरचं कुलूप. दुकान बंद पडलं, डोंगल हरवलं, की विषय संपला.

मराठवाड्याला हे नवीन नाही

आता तुम्ही म्हणाल, एका स्मरणिकेसाठी एवढा खटाटोप कशाला?

मराठवाड्यातल्या पोरापोरींना याचं उत्तर माहीत आहे, फक्त या बाजूने बघितलेलं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत करमाड काय, संभाजीनगर काय, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. दरबारी कारभार उर्दूत, त्याआधीचा फारसीत. गावपातळीवरचं कितीतरी मराठी लिखाण मोडीत. पुढे शाळेत फक्त बाळबोध राहिली, मोडी वाचणारे कमी कमी होत गेले. कागद कपाटात तसेच होते. ते वाचता येणारी माणसं कमी झाली.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. तेव्हा काय झालं आठवतंय? जुनी दप्तरं बाहेर निघाली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना शोधायची वेळ आली. त्या मागणीबद्दल तुमचं मत काहीही असो, एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली. कागद असणं आणि कागद वाचता येणं यात फरक आहे. गरज कधी पडेल हे आधी कोणी सांगत नाही.

मोडीचं नशीब थोडं बरं म्हणायचं. ती डोळ्यांना दिसते, शिकता येते, आणि २०१४ च्या जूनमध्ये युनिकोड ७.० मध्ये तिला जागाही मिळाली. शंभर दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद आज अभ्यास करून वाचता येतो. पण १९९९ ची ‘पी ६५’ फाइल? ती सीडीवर आहे, आणि सीडी खराब होते. ती उघडायला सॉफ्टवेअर हवं, सॉफ्टवेअरनंतर फाँट हवा, फाँटनंतर रूपांतर हवं. यातला एक दुवा तुटला की आकडे उरतात, मजकूर जातो.

शिवाय गूगलवर आजोबांचं नाव टाकलं तर ही फाइल सापडणार नाही, कारण तिच्यात ते नाव मराठीत नाहीच. आज फोनचं भाषांतर, आवाजावरून टायपिंग, एआय हे सगळं मराठी शिकतं ते मशीनला वाचता येणाऱ्या मजकुरातून. तुकड्यांत अडकलेल्या त्या वीस वर्षांच्या मराठीतले आपल्या भागातले शब्द, शेतीचे शब्द, गावांची नावं त्यात येणार कशी?

बरं, आता उघडायची कशी?

कागद पेन घ्या, नाहीतर स्क्रीनशॉट काढा.

पहिली गोष्ट, कॉपी. सीडीवरून फाइल आधी काँप्युटरवर घ्या आणि तिची आणखी एक कॉपी दुसरीकडे ठेवा. सगळे प्रयोग कॉपीवर. सीडीवर सोबत फाँटचं फोल्डर असेल तर तेही उचला. अनेक डीटीपीवाले फाँट सोबत द्यायचे. ते फोल्डर म्हणजे चावी.

दुसरी गोष्ट, नावावर विश्वास नको. टिंबानंतरची अक्षरं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी, आत काय आहे ते वेगळं असू शकतं. आता ‘पीएमडी’ च घ्या. पेजमेकरची फाइल तीच, आणि मिकूमिकूडान्स या जपानी थ्रीडी नाचाच्या सॉफ्टवेअरमधल्या बाहुल्यांची फाइलही तीच! खात्री करायची तर फाइलचे सुरुवातीचे बाइट बघा. हेक्स व्ह्यूअर नावाचे ॲप फोनवरही मिळतात. पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि मग पीडीएफ या अक्षरांनी होते. झिपची सुरुवात ‘पीके’ ने, तो फॉरमॅट बनवणाऱ्या फिल कॅट्झच्या नावावरून. वर्डची आजची ‘डॉक्स’ फाइलही आतून झिपच असते, म्हणून तिथेही ‘पीके’ च दिसेल. जुन्या वर्डच्या फाइलची सुरुवात डी-शून्य, सी-एफ, एक-एक, ई-शून्य. पटकन वाचलं तर ‘डॉकफाइल’ सारखं दिसतं, ती प्रोग्रॅमरांची गंमत.

तिसरी गोष्ट, उघडणं. काँप्युटरवर लिबरऑफिस टाका. फुकट आहे. २०१५ च्या जानेवारीत आलेल्या ४.४ आवृत्तीपासून त्याला पेजमेकरच्या फायली वाचता येतात. त्यातल्या ड्रॉमध्ये फाइल उघडा. सगळ्याच फायली उघडतील असं नाही, आणि चित्रं, रकाने इकडेतिकडे होतील. पण मजकूर हाती लागला तरी मोठं काम झालं. नाही उघडली, तर ज्या जुन्या डीटीपी दुकानात पेजमेकर किंवा इनडिझाइन सीएस ६ अजून चालू आहे ते शोधा. असे लोक आहेत, आणि विचारलं की आनंदाने मदत करतात.

चौथी गोष्ट, फाँट. उघडल्यावर कचरा दिसला तर घाबरू नका, चांगलं लक्षण आहे. मजकूर आहे, फक्त चावी नाही. त्या मजकुरावर क्लिक करून फाँटचं नाव बघा. तो फाँट टाकला की पान जिवंत होतं. लगेच पीडीएफ काढा, म्हणजे पानाचं रूप तरी वाचलं.

पण पीडीएफवर थांबू नका. इथेच बहुतेक जण फसतात. पीडीएफमध्ये मराठी सुरेख दिसते, पण एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करून बघा. परत तीच इंग्रजी अक्षरं! पीडीएफने चेहरा जपला, अक्षरं नाही.

म्हणून पाचवी गोष्ट, रूपांतर. फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात. ज्या फाँटचा मजकूर, त्याच फाँटचा कन्व्हर्टर हवा. तो तुकडे ओळखतो, वेलांटी मागे नेतो, रफार पुढे आणतो. चुका राहतातच. ऱ्हस्व वेलांटी, रफार, जोडाक्षरं, ‘तऱ्हा’ मधला ऱ्हा, आणि ‘ॲ’ हे आधी तपासा. ‘ॲ’ ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, त्यामुळे तिथे जुने कन्व्हर्टर हमखास अडखळतात. मग एकाने मोठ्याने वाचा, दुसऱ्याने बघा.

एक सावधगिरी. फाइलमध्ये जमिनीचे, कोर्टाचे किंवा कोणाचे खाजगी तपशील असतील तर अनोळखी वेबसाइटवर अपलोड करू नका. आपल्याच काँप्युटरवर चालणारं साधन वापरा.

आणि छापील प्रत मिळाली तर? मग रस्ता सोपा. नीट उजेडात फोटो काढा आणि फोटोतून मजकूर ओळखणारं ॲप वापरा. फुकटचं टेसरॅक्टही मराठी ओळखतं. चुका तपासाव्या लागतील, पण फाँटची भानगड नाही.

शेवटी दोन गोष्टी एकत्र ठेवा. एक पीडीएफ, पान कसं दिसत होतं ते कळायला. आणि एक युनिकोडमधली साधी मजकूर फाइल, शोधता यावी म्हणून. फाइलच्या नावात गाव, विषय आणि साल टाका. ‘न्यू फोल्डर २’ मध्ये ‘फायनल फायनल’ नको.

तर काम काय?

तुमच्या गावात पंचवीस तीस वर्षं डीटीपी करणारं कोणीतरी आहेच. करमाडला, बदनापूरला, चितेगावला, कुठेही. त्यांच्या दुकानात जुना काँप्युटर असतो, सीडींची चळत असते, आणि कुठल्या फाइलला कुठला फाँट हे त्यांना तोंडपाठ असतं. ही माहिती कुठल्याही वेबसाइटवर नाही, त्या काकांच्या डोक्यात आहे. ते दुकान आवरतील त्या दिवशी सीड्या भंगारात जातील.

या रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन जा, चहा घ्या आणि विचारा, काका, जुन्या फायली आहेत का? एक फाइल उघडा. एकच. कुठली उघडली, कुठल्या फाँटची निघाली आणि त्यात काय सापडलं, ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. परवानगी असेल तर पुढच्या भागात ऐकवू.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत कपाट उघडून बघा!